पहिल्या पडीची फुलं

लोकांना वाटतं, दारूची भट्टी रात्री लागते. ही समजूत सिनेमावाल्यांनी करून दिलेली असावी. आमच्याकडे ती भर दिवसा लागायची, आणि त्याला कारण होतं. रात्री जाळ लांबून दिसतो. दिवसा दिसतो तो फक्त धूर, आणि उन्हाळ्यात आमच्या भागात धुराचं कुणाला काय पडलेलं असतं? जिकडे बघावं तिकडे शेतात राब भाजत असायचे. शेण, पालापाचोळा, झाडांच्या वाळक्या डहाळ्या पसरून भाताच्या रोपांची जागा जाळून काढायची, हे काम घरोघर चाललेलं. त्या सगळ्या धुरांतून माझ्या आईच्या चुलीचा एक धूर वेगळा कोण काढणार? दारूबंदीवाले कधीमधी जीप घेऊन वज्रेश्वरीच्या रस्त्यानं यायचे, चार दिशांचे चार धूर बघायचे, रुमालानं मान पुसायचे आणि निघून जायचे.

आईला मात्र ‘दारू’ हा शब्द चालत नसे. “दारू बाजारात मिळतं. ही देवाची धार हाय,” असं ती म्हणायची. त्या देवाला पळीभर आणि सोयऱ्यांना घागरभर, हा हिशेब मी लहानपणीच ओळखला होता आणि एकदा बोलूनही दाखवला होता. त्याबद्दल पाठीत धपाटा खाल्ला तो अजून आठवतो. आमच्या घरात रीत अशी की, ज्या मुलीचं लग्न ठरेल तिनं त्या साली मोहाच्या झाडाची पहिल्या पडीची फुलं स्वतःच्या हातानं वेचायची. पहिली पड म्हणजे झाड फुलं टाकायला लागलं की पहिल्या दोन-चार सकाळी जो सडा पडतो तो. त्याच फुलांची धार काढून बांधावरच्या देवाला घालायची आणि मगच मुलीच्या अंगाला हळद लावायची. मुलीचा हात लागला नसेल तर ती फुलं देवाला चालत नाहीत, आणि एकदा ती पड गेली की नंतरची चालत नाहीत. दुसऱ्यांच्या घरी अशी रीत मी पाहिली नाही, त्यामुळे सगळ्या गावाच्या किंवा जातीच्या माथी ती मारणार नाही. आमच्या कुठल्या खापरपणजीनं सुरू केली असेल ती असो, तिला माझ्यासारखी नात होईल याची कल्पना नसणार.

मी त्या वेळी भिवंडीत, कामतघरला, दादा-वहिनीकडे राहून शिकत होते. दादा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला होता. चाळीतली खोली एकच, आणि भिंतीला भिंत लावून लूमचा कारखाना. दिवसाची शिफ्ट सुटली की रातपाळी लागायची, त्यामुळे ती खटखट थांबली असं कधी व्हायचंच नाही. भिंतीवरचा आरसा सदोदित थरथरत असे आणि त्यात बघून वेणी घालताना माझा भांग कधी सरळ पडला नाही. वहिनी कामं आटोपून लूमसाठी सुताच्या कांड्या भरायला बसायची, मी तिच्या शेजारी बसून मोठ्यानं इतिहास पाठ करायची. पलीकडच्या खोलीत उत्तर प्रदेशातल्या एक खाला, म्हणजे मावशी, राहत. त्या दारात येऊन म्हणायच्या, “बिटिया, ज़रा धीरे पढ़ो. मेरा आदमी रात पाली करके सोया है.” शंभर लूमच्या आवाजात तो माणूस सुखानं घोरायचा, आणि माझ्या अकबरानं मात्र त्याची झोप मोडायची!

माझं एका जागी बूड ठरत नसे, हे खरं आहे. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. कामतघरला असले की मला गावचं आठवायचं: चुलीवरच्या भाकरीचा खरपूस वास, वालाचं बिरडं, पायाखाली तापलेली माती. गावी गेले की दोनच दिवसांत कान रिकामे रिकामे वाटायला लागायचे, लूमच्या आवाजाशिवाय डोक्यात विचार पुढे सरकायचा नाही. वाचायला घेतलं की उठून पाणी प्यायचं, पाणी प्यायलं की दारात जाऊन उभं राहायचं. आज सत्तरीच्या घरात आहे, गुडघे बोलतात, तरी टीव्हीसमोर एक कार्यक्रम अख्खा बसून बघवत नाही. त्या अस्वस्थपणाला तेव्हा एकच खुंटी होती, मॅट्रिक. ती परीक्षा द्यायची, मग शाळेतल्या बाईंनी सांगितलेला शिक्षिकेचा कोर्स करायचा, एवढं एकच मनात पक्कं होतं. बाकी सगळं माझ्यात हलतच असायचं.

मॅट्रिकला एक वर्ष राहिलं असताना बाबा कामतघरला आले. त्या साली मोह उशिरा फुलला होता आणि माझी वार्षिक परीक्षा नुकती संपली होती. बाबांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, म्हणजे काहीतरी मोठं बोलणार हे मी ओळखलं.

“वळ गावाला स्थळ हाय,” ते म्हणाले. “शेत हाय, खळं हाय, माणसं चांगली. पोरगा निर्व्यसनी. येत्या वैशाखात उडवून टाकू.”

“आणि मॅट्रिक?” मी विचारलं.

“ती काय पळून जातं का कुटं?”

मॅट्रिक पळून जात नाही, हे खरंच आहे. मुलींनाच तिच्यापासून पळवून नेतात. पण हे वाक्य मला आज सुचतंय. दादा खाली बघत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांबरोबर एसटीत बसले होते. त्या मुलाला मी एकदा बघितलं होतं. मनगटावर घड्याळ, तेल लावून चापून बसवलेले केस, चेहरा सरळ. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती, आज तर मुळीच नाही. मला राग लग्नाचा नव्हता, घाईचा होता. एरवी मीच किती घाईची, पण ही दुसऱ्यांची घाई माझ्या मानेवर बसली होती.

मोहाचं आमचं झाड घरामागच्या खाचराच्या कडेला होतं. फुलं पहाटे पडतात. टप, टप असा जाड आवाज येतो, कारण ती हलकी नसतात. मण्यासारखी गोल, रसानं भरलेली, पिवळट पांढरी. बोटात धरली की चिकट होतात. वास गोड, पण त्या गोडाच्या तळाशी काहीतरी आंबूस, जड. रिकाम्या पोटी तो वास घेतला की डोकं धरतं. झाडाखालची जमीन आई आदल्या दिवशी झाडून ठेवायची म्हणजे फुलांना माती लागत नाही. उन्हं वर यायच्या आत सगळी वेचायची, नाहीतर गुरं येतात, मुंग्या येतात. आई आणि मी दोघी वाकून वेचत होतो. म्हणजे रीतीप्रमाणे वेचायची मी, आणि आई आपली उगाच सोबतीला, हात पाठीमागे बांधून, मी सोडलेली फुलं पायाच्या अंगठ्यानं दाखवत.

“माजी येचली तवा मला झोप आलेली,” ती एकदम म्हणाली. “डोळं मिटून येचली. कनाला येचतोय तेबी ठावं न्हवतं. आयसनं सांगितलं, येच, तर येचली.”

मी आणखी दोन फुलं टोपलीत टाकली.

“तुला ठावं हाय न्हवं, कनाला येचतस?”

“ठाऊक आहे कशाला ते.”

“मंग तोंड कनाला पाडलंस?”

“मला मॅट्रिक करायचंय, आये.”

जवळच्या आडव्या मुळाशी एक फूल पडलं होतं, ते तिनं अंगठ्यानं दाखवलं आणि मी उचललं. तेवढंच. मला तिचा राग आला. इतकं मोठं वाक्य मी पोटातून उपसून काढलं होतं आणि तिला फुलाचं पडलं होतं!

फुलं अंगणात वाळत घातली. उन्हानं ती आधी तपकिरी होतात, मग मनुकांसारखी सुरकुततात, आणि वास आणखी गोड होत जातो. येणारंजाणारं पोर मूठभर उचलून तोंडात टाकायचं. वाळलेली फुलं तव्यावर भाजून, तांदळाच्या भाकरीबरोबर खायला मलाही आवडायची. पावसाळ्यात भाजी नसायची तेव्हा तेच कोरड्यास. त्या दिवसांत मात्र मला ती घशाखाली उतरत नव्हती. अंगणात जायचे, फुलं हातानं वरखाली करायचे, आत यायचे, पुन्हा जायचे. बाबा म्हणाले, “बगा, पोरीला लगनाची किती घाई झाली!” शेजारच्या बायका हसल्या. काय करणार, मीही हसले.

आता भिजवणं. वाळलेली फुलं मोठ्या माठात पाण्यात घालून ठेवायची, तोंड फडक्यानं बांधायचं, आणि माठ सावलीत ठेवायचा. फुलं फुगतात, मग आतून बुडबुडे यायला लागतात, माठाला कान लावला तर आत कुजबुज ऐकू येते. ती थांबली की सडवा तयार. आई त्यात नवसागर किंवा दुसरं काही घालत नसे. तिच्या मते सगळं पाण्यावर होतं. “फूल चांगलं असून काय करतंस? पानी चांगलं पायजे.” आणि नेमकं पाणीच त्या साली नव्हतं. आमची विहीर तळाला लागली होती. दोर सोडून घागर भरेपर्यंत वर गढूळ गाळ यायचा. नदीवर जायचं तर मैलभर चालायचं, आणि नदीतही डबकीच उरली होती.

इथे आमचे बाळूकाका येतात. काका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, अकलोलीला राहणारे. अकलोलीच्या माणसाला गरम पाण्याच्या कुंडांचा जो अभिमान असतो तो दुसऱ्याला समजायचा नाही. कुणाची कंबर धरली, कुंडात बस. खरूज झाली, कुंडात बस. मूल होत नाही, दोघंही जाऊन बसा. बाळूकाकांना सगळ्या रोगांवर आणि सगळ्या अडचणींवर ते एकच औषध ठाऊक होतं. त्यांनी आमच्या विहिरीत वाकून बघितलं, चुकचुकले आणि म्हणाले, “आरं, पान्याला कनाला भिता? आमची कुंडं आटतात का कंदी? देवीचं पानी. देवाची धार देवीच्या पान्यात घाला, याच्यापरीस चांगलं काय?”

“त्या पान्याला वास हाय, भावजी,” आई म्हणाली.

“वास न्हाय, गुण हाय तो! आन गरम पान्यात फूल लवकर फुलतं. वयनी, तुमी बगाच.”

बाबांना ते पटलं. पवित्रही होतं आणि खांद्यावरून घागरी वाहायच्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी काका सायकलला दोन्ही बाजूंनी डबे बांधून, घामानं निथळत हजर. डब्यांना गोणपाट गुंडाळलेलं, पाणी निवू नये म्हणून! ते कोमट पाणी त्यांनी स्वतःच्या हातानं माठात ओतलं. मोठ्या मनाचा माणूस होता, उन्हातून तेवढं ओझं घेऊन दुसरा कुणी आला नसता. आई बाजूला उभी राहून बघत होती. पुढच्या दिवसांत मी माठाला कान लावायची, आतली कुजबुज कशीतरी अडखळत, खोकल्यासारखी येत होती, आणि मग लवकरच बंद झाली. काका म्हणाले, “बगा, झालं पन!”

धार काढायच्या दिवशी वळहून मुलाचे आजोबा आणि वडील आले. आजोबांना सगळे तात्या म्हणत. पांढरी टोपी, हातात काठी, डोळे हसरे. पहिली धार देवाला घातल्यावर मुलाकडच्या वडीलधाऱ्यानं ती जाळावर टाकून बघायची अशी रीत होती. भडका उडाला की देवानं घेतली, आणि मग सोयऱ्यांनी प्यायची. मला वाटतं यात देवापेक्षा सोयऱ्यांची सोय जास्त बघितलेली होती, कारण पाणचट माल भडकत नाही. तात्यांनी मला जवळ बोलावलं. “पोरी, कितवी शिकलीस?”

मी सांगितलं.

“म्हंजे आमच्या नातवाच्या फुडं गेलीस की,” ते म्हणाले आणि मोठ्यानं हसले. मला त्या म्हाताऱ्याचा राग करता येईना. राग करायला माणूस न सापडणं फार त्रासाचं असतं. मी आत गेले, पुन्हा बाहेर आले, चुलीत लाकूड सारलं, ते आधीच नीट होतं.

तीन दगडांवर सडव्याचा माठ बसवला. त्याच्या तोंडावर दुसरं मडकं पालथं घालून आईनं सांध्याला चिकणमाती आणि चिंध्या लिंपल्या. चिंध्या बांधायला घायपाताची दोरी, ती जाळाजवळ टिकते. वरच्या मडक्याच्या कुशीतून बांबूची लांब नळी काढलेली, तिच्यावर ओली गोणपाटं, आणि तिच्या टोकाशी वहिनीनं कामतघरहून पाठवलेली गुलाबपाण्याची रिकामी बाटली. खाली सडवा उकळतो, वाफ नळीत शिरते, ओल्या गोणपाटानं थंड होते आणि थेंब होऊन बाटलीत पडते. गोणपाटं वाळू द्यायची नाहीत, हे माझं काम. जाळ मोठाही नको आणि लहानही नको, ते आईचं.

परवा माझ्या नातवानं परदेशातून टकीला नावाची बाटली आणली आणि ती कशी करतात ते मोबाईलवर दाखवलं. आपल्या बांधावरच्या घायपातासारखंच झाड, माणसं त्याची पाती तासून आतला अननसासारखा गड्डा काढतात, खड्ड्यात भाजतात, दगडाच्या चाकाखाली चिरडतात, आंबवतात, आणि पुढे तेच, चूल, वाफ, थंड पाणी, थेंब. नातू म्हणाला, आजी, केवढी कला आहे बघ. मी म्हटलं, कलेचं राहू दे, त्यांनी पाणी कुठलं घेतलं ते विचार.

तर पहिले थेंब पडले. आईनं बाटलीच्या तोंडाशी नाक नेलं आणि काही न बोलता मागे सरली. वास आमच्यापर्यंतही आला, उकडून विसरलेल्या अंड्यासारखा. बाबांनी पळीभर घेऊन बांधावरच्या देवाला घातली, नाक न मुरडता, हे मी बघितलं. मग तात्यांनी पळी घेतली आणि जाळावर टाकली. चर्र! भडका सोडाच, होता तो जाळही दबला आणि धूर डोळ्यांत गेला. पोरं खिदळली. काकांनी पळी हिसकावून स्वतः टाकली, पुन्हा चर्र. “जरा दम धरा, हलू हलू पेटंल,” ते म्हणाले. तिसऱ्यांदा टाकली तेव्हा चुलीतलं लाकूड विझलं.

“तात्या, देवीच्या कुंडाचं पानी हाय हे!” काका कळवळून म्हणाले. “सोता देव नाहतो त्या पान्यात.”

“नाहतो रं बाबा,” तात्या डोळे पुसत म्हणाले. “पीत न्हाय.”

सगळे हसले, काका सोडून. बाबांचा चेहरा मात्र काळवंडला होता. देवानं मुलीची धार घेतली नाही, हे गावात पसरायला संध्याकाळ लागणार नव्हती. तात्या समजूतदार माणूस. त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. “मनाला लावून घेऊ नका. पानी बदला, परत घाला. पहिल्या पडीची फुलं असतील की उरलेली? हळद आठवडाभर फुडं ढकलू. त्याला काय?”

सगळ्यांनी आईकडे बघितलं. माझी नजर घराकडे गेली. कारण फुलं होती. काकांच्या पाण्यावर आईचा विश्वास नव्हता म्हणून भिजवण्याच्या आदल्या दिवशी तिनं निम्मी फुलं बाजूला काढली होती. एक करंडी भरून माळ्यावर, भाताच्या बियाण्यामागे ठेवली होती. मीच खालून ती करंडी तिच्या हातात दिली होती. धार बिघडली तर अडायला नको, असं तेव्हा ती म्हणाली होती. आता नदीचं पाणी आणायचं, फुलं घालायची आणि आठवड्याभरात माझ्या अंगाला हळद.

आई विझलेलं लाकूड चुलीतून बाहेर ओढत होती. तिनं मान वर केली नाही.

“न्हाय,” ती म्हणाली. “सगळी घातली.”

“सगळी?” बाबांनी विचारलं.

“देवाचं काम. हात राखून कसं करू?”

मी आईकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, लाकडावर पाणी ओतलं. माझ्या आईनं देवासमोर, सोयऱ्यांसमोर, स्वतःच्या नवऱ्याच्या तोंडावर खोटं सांगितलं होतं, आणि आवाज जरासुद्धा हलला नव्हता. मला आनंद झाला. इतका झाला की त्याचीच भीती वाटली, तोंडावर दिसेल म्हणून मी पदरानं तोंड झाकून घरात पळाले. बाहेर तात्या म्हणत होते, “मंग पुडल्या मोवाला. आमी थांबू. पोरगी चांगली हाय.” बायकांना वाटलं मी रडतेय. एकीनं येऊन पाठीवरून हात फिरवला.

त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. आईनं सोयऱ्यांसाठी केलेलं वालाचं बिरडं आणि सुकटीचं कालवण तसंच राहिलं, आम्ही दुसऱ्या दिवशी खाल्लं. मला वाटलं होतं की आई मला एकटीला गाठून काही सांगेल. ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. आमच्याकडे अशा गोष्टी बोलून दाखवायची पद्धत नव्हती, आणि खरं सांगायचं तर बोललं की हातचं जाईल असं वाटे. फक्त शाळा सुरू व्हायच्या सुमाराला ती बाबांना म्हणाली, “पोरगी घरात बसून काय करंल? दादाकडं धाडा. सूनबाईला कांड्या भराया हात होईल.” बाबांनी नुसती मान हलवली.

ते वर्ष कसं गेलं मला सांगता येणार नाही. मी वहिनीबरोबर कांड्या भरत होते, वाचत होते, उठून दारात जात होते, पुन्हा बसत होते. खाला म्हणायच्या, “इम्तिहान तेरा है, और नींद मेरी हराम है.” दिवाळीला गावी गेले तर घरात वळचा विषय निघाला, तात्यांचा निरोप आला होता की आम्ही थांबलोय. त्या भल्या माणसाच्या थांबण्याचं मला ओझं व्हायला लागलं. पुढच्या मोहाला काय, हा प्रश्न मी पुस्तकाच्या प्रत्येक पानावर वाचत होते. मॅट्रिकचे पेपर फाल्गुनात, मोहही फाल्गुनातच यायचा. झाडाला शाळेचं वेळापत्रक कोण सांगणार?

आणि त्या साली मोह लवकर फुलला.

पहिल्या पेपरच्या दिवशी सकाळी मी उजळणी करत बसले होते. दादा रातपाळी करून येऊन नुकताच आडवा झाला होता. दारात सावली पडली. बघते तर बाबा, अंगावर धुळीचा थर, बहुतेक पहिल्या एसटीनं आलेले. त्यांना काही सांगावं लागलं नाही, मला समजलं की झाडाखाली सडा पडला आहे आणि ते मला न्यायला आलेत. वहिनीनं चहा ठेवला. बाबा भिंतीला टेकून बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. माझ्या हातातलं पुस्तक मी बंद केलं, मग उघडलं.

“मोव पडला,” ते म्हणाले.

“हं.”

“पहिली पड सरली. तुज्या आयसनं येचलं सगळं. एकलीनं. अंधारात उठून. मी म्हनलं, आगं, पोरीला आणाया जातो, तिचा हात लागाया पायजे. तर म्हनतं कशी, आता काय आणता, झाडाखाली एक फूल न्हाय ठेवलं मी.”

भिंतीपलीकडे लूम चालले होते. बाबांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली, पण प्यायले नाहीत.

“गेल्या साली पावसाच्या आदी कौलं शाकाराया माळ्यावर चढलो व्हतो,” ते सावकाश म्हणाले. “बियान्याच्या मागं करंडी व्हती. भरलेली.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “मी काय बोललो न्हाय तिला. म्हनलं, बाईनं देवाम्होरं खोटं सांगितलं, ती काय हौस म्हनून न्हाय.”

वहिनी पाठमोरी होऊन स्टोव्हची वात उगाच वरखाली करत होती.

“वळच्या तात्यांना काय सांगायचं?” मी कसंबसं विचारलं.

“आता इतनं तितंच जातो. पाया पडतो म्हाताऱ्याच्या, नि सांगतो, आमची वाट बगू नका. बोलंल काय बोलायचं ते.” त्यांनी चहा एका घोटात संपवला, बशी खाली ठेवली आणि टोपी घातली. “पेपर कदी हाय तुजा?”

“अकरा वाजता.”

“मंग बसलीस कनाला?” बाबा म्हणाले. “उठ की.”